चौदाव्या ओळीतलं नववं झाड

विदर्भातल्या वरूड तालुक्यातला संत्रा बाजारात पोचण्याच्या कितीतरी आधी विकला गेलेला असतो. फळं झाडावर हिरवी असतानाच व्यापारी बगीच्यात येतो, चार-दोन ओळींतून चक्कर मारतो, मधेच एखादी लदलेली फांदी हाताने तोलून बघतो आणि धुऱ्यावर येऊन आकडा सांगतो. उक्ता सौदा. इसार हातावर पडला की बहार त्याचा. मालक म्हणतो झाडं साडेपाचशे आहेत, व्यापारी म्हणतो पाचशेच धरू. काही झाडं वाळलीत, काही खुरटलीत, काही नुसती नावाला उभी आहेत, हे दोघांनाही ठाऊक असतं. नेमकी किती, ते मात्र कोणी मोजलेलं नसतं. पाच एकरांत, दर सहा मीटरवर एक, अशा झाडांतून मोजत फिरायला लागलं की तिसऱ्या ओळीत कोणीतरी हाक मारतं आणि आकडा चुकतो.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘यंत्राची नजर’ हा विषय दिला. चौकाचौकांतले कॅमेरे आणि चेहरे ओळखणाऱ्या प्रणाली यांवर बाकीची मंडळी लिहिणार होती. मी संत्र्याचा बगीचा मागून घेतला. ड्रोनने बगीच्याचे फोटो काढायचे आणि त्यावरून एकेका झाडाची वेगळी नोंद ठेवायची, हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते बघायचं होतं. जाहिरातींत ते फार सोपं दिसतं.

दुपारी बाराचं ऊन

ऑक्टोबर महिना. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळाअखेरच्या फुलोऱ्याची, फळं अजून हिरवी, कुठेकुठे पिवळटपणा चढू लागलेला. बागायतदार साठीचे. त्यांना सगळे काका म्हणतात, म्हणून मीही काकाच म्हणू लागलो. ड्रोन घेऊन आलेला पोरगा शेजारच्याच गावचा, कृषी पदविका झालेला. सकाळी नऊला हजर झालेल्या या पोराने बारा वाजेपर्यंत काहीच केलं नाही, याचं काकांना नवल वाटत होतं. पण सकाळी प्रत्येक झाडाची लांब सावली शेजारच्या झाडावर पडते, आणि सावलीत गेलेलं निरोगी झाडही कॅमेऱ्याला आजारी वाटतं. सूर्य डोक्यावर आला की सावली झाडाच्या पायाशी गोळा होते. शिवाय आभाळ एकसारखं हवं. सगळं स्वच्छ चालेल, सगळं ढगाळलेलंही एक वेळ चालेल. ढगांचे तुकडे पळत असतील तर अर्धा बगीचा उन्हातला आणि अर्धा सावलीतला येतो आणि मग तुलनेला अर्थ उरत नाही.

उडवण्याआधी त्याने जमिनीवर करड्या रंगाची एक चौकोनी पाटी ठेवली आणि नीट वरून तिचा फोटो घेतला. काका म्हणाले, “हे काय रे, पूजा मांडून राहिला का?” त्या पाटीवरून किती टक्के प्रकाश परत येतो हे आधीपासून मोजलेलं असतं. आजचं ऊन किती तीव्र होतं हे तिच्यावरून कळतं, आणि त्या हिशेबाने सगळे फोटो दुरुस्त केले जातात. पाटीचा फोटो नसेल तर या महिन्याची आणि पुढच्या वर्षीची चित्रं शेजारी ठेवता येत नाहीत, कारण फरक झाडात पडला की उन्हात, हे सांगता येत नाही. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

मग ड्रोन वर गेला. साठ मीटर उंचीवर, नांगर चालावा तसा एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत आणि परत. दर काही मीटरवर फोटो, आणि प्रत्येक फोटोतला जवळजवळ ऐंशी टक्के भाग आधीच्या फोटोत आलेला. हा वाया गेलेला भाग नाही. त्याचं काम पुढे येईल. पोराचं लक्ष मात्र पडद्यावर कमी आणि आभाळात जास्त होतं. कडुनिंबावरचा एक कोतवाल ड्रोनच्या मागे लागला होता. हा पक्षी घारीलाही हुसकावतो, तिथे ड्रोनची काय कथा! पाच एकरांचं उड्डाण एका बॅटरीत आटोपलं. काकांनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, “झालं? एवढ्याचेच पैसे?”

पानाच्या आत

साध्या कॅमेऱ्याला दिसतं ते आपल्यालाही दिसतं. ड्रोनखाली लटकणाऱ्या या कॅमेऱ्याला मात्र आणखी भिंगं असतात आणि त्यातलं एक डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशासाठी असतं. हिरव्या पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश खाऊन टाकतं. जवळचा अवरक्त प्रकाश मात्र पानाच्या उपयोगाचा नसतो. पानाच्या आतल्या पेशींच्या सच्छिद्र थरावर आपटून तो मोठ्या प्रमाणात बाहेर फेकला जातो. म्हणून धडधाकट झाड अवरक्तात लख्ख उजळतं आणि लाल प्रकाशात काळवंडलेलं दिसतं. झाड बिघडू लागलं की हा फरक कमी होतो, बऱ्याचदा पान आपल्या डोळ्यांना पिवळं दिसायच्या आधी. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं: १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमांसाठी रुळवलेलं हे गणित आज ‘एनडीव्हीआय’ या नावाने खेड्यातल्या ड्रोनवाल्यांच्याही तोंडी आहे.

आपल्याकडे तर अवरक्त प्रकाशात आकाशातून पाहणी करण्याची सुरुवातच फळझाडाच्या आजारापासून झाली. १९७०च्या सुमारास केरळात नारळाच्या बागांना मुळांपासून मर लावणाऱ्या रोगाने घेरलं होतं. पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली इस्रोच्या शास्त्रज्ञांनी हेलिकॉप्टरमधून, अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर त्या बागांचे फोटो घेतले. आजारी माड वरून वेगळे ओळखू येतात का, एवढंच पाहायचं होतं. ते ओळखू आले. तेव्हा भारताचा स्वतःचा एकही उपग्रह आकाशात नव्हता. पिशारोटींना पुढे भारतीय सुदूर संवेदनाचे जनक म्हटलं गेलं. त्यांच्या हेलिकॉप्टरचं काम आज पाठीवरच्या बॅगेत मावतं.

उपग्रहाला जे जमत नाही

मग उपग्रह असताना ड्रोन कशाला? युरोपचा सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी डोक्यावरून जातो आणि त्याच्या प्रतिमा फुकट मिळतात. पण त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन. सहा बाय सहावर लावलेल्या बगीच्यात तेवढ्या जागेत जवळपास तीन झाडं आणि त्यांच्यामधली माती येते. तिघांतलं एक मरत असेल तर उपग्रहाला तिघेही जरा मलूल वाटतात. साठ मीटरवरच्या ड्रोनचा ठिपका तीन सेंटिमीटरचा असतो. चार मीटर व्यासाच्या एका झाडावर असे सुमारे १४ हजार ठिपके पडतात. गहू-सोयाबीनच्या शेताला उपग्रह पुरतो, कारण तिथे कोणी एकेका रोपाची चौकशी करत नाही. संत्र्याच्या एका झाडामागे मात्र पाच-सहा वर्षांचं पाणी, खत आणि वाट पाहणं असतं, तेव्हा कुठे ते पहिला नीट बहार देतं.

पण नुसते फोटो मिळाले म्हणजे झाडं सुटी झाली असं होत नाही. इथे त्या ऐंशी टक्क्यांचा उपयोग होतो. एकच झाड अनेक फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून आलेलं असल्यामुळे संगणक त्याची उंची काढू शकतो. आधी सगळ्या बगीच्याचा वरचा पृष्ठभाग तयार होतो, मग जमिनीचा अंदाज घेऊन तो त्यातून वजा केला जातो. उरतात नुसते हिरवे उंचवटे. प्रत्येक उंचवट्याचा माथा म्हणजे एक झाड, आणि दोन उंचवट्यांमधली खोलगट रेषा म्हणजे दोघांची हद्द. मग प्रत्येक झाडाला ओळ आणि क्रमांक मिळतो; उंची, घेर आणि हिरवेपणाचा सरासरी आकडा त्याच्या नावापुढे चढतो. ‘ओपनड्रोनमॅप’ आणि ‘क्यूजीआयएस’सारख्या मोफत संगणकप्रणालींवर हे करता येतं, पोरगाही त्याच वापरत होता. त्याचा लॅपटॉप मात्र रात्रभर घुरघुरत राहिला.

कागदावर हे नेटकं दिसतं, बगीच्यात गोंधळ होतो. चौदा-पंधरा वर्षांच्या झाडांच्या फांद्या एकमेकींत शिरलेल्या असतात. संगणक दोघांना मिळून एक मोठं झाड समजतो. उंचीऐवजी नुसत्या हिरवेपणावर मोजणी केली, तर पावसाळ्यात ओळींमधलं गुडघाभर गवत झाडात मिसळून जातं. नव्या लागवडीत कोणी मधे कपाशी घेतली असेल तर विचारायलाच नको. काकांच्या बगीच्यात पहिल्या मोजणीत बांधावरचं निंबाचं झाड आणि विहिरीजवळची कढीपत्त्याची जाळीही संत्र्यात धरली गेली होती. पोराने ती हाताने खोडली. म्हणजे यंत्राने मोजायचं आणि माणसाने तपासायचं, हा क्रम इथेही सुटलेला नाही.

लाल ठिपका म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी नकाशा आला. बहुतेक झाडं हिरवी, काही पिवळी, काही लाल. काकांनी चष्मा लावला आणि नकाशा नीट धरायच्या आतच सांगायला सुरुवात केली: हे वाळलेलं, हे मागच्या गारपिटीत मोडलेलं, हे पहिल्यापासूनच दुबळं. लाल झाडांपैकी बरीचशी त्यांना माहीत होती. माझा उत्साह तिथे थोडा ओसरला. पण मग पोराने त्यांना एकेका ठिपक्यावरून नजर काढून पिवळ्या-लाल ठिपक्यांच्या आकृत्यांकडे बघायला सांगितलं, आणि खरं काम सुरू झालं.

एका ओळीत मधल्या एका झाडापासून शेवटापर्यंत सगळी झाडं पिवळी होती. आजार असा रांग धरून येत नाही. ती ओळ पायी तपासली तेव्हा ठिबकची नळी खारीने कुरतडलेली निघाली. पुढच्या झाडांना पाणी जेमतेम पोचत होतं. पावसाळाभर ते कळायचं कारण नव्हतं, आणि पाऊस थांबल्यावर नुकतीच ठिबक सुरू झालेली. पश्चिमेच्या कोपऱ्यात फिकट झाडांचा अख्खा पट्टा होता, तिथे चिकण काळी जमीन आहे आणि पाणी साचतं. तिथला चर गाळाने बुजला होता. आणि बाकी बगीच्यात विखुरलेली, एकटीदुकटी लाल झाडं. मुळांचे आणि खोडाचे रोग, साल खाणारी अळी यांचा संशय अशाच ठिकाणी घ्यायचा.

त्यातलंच एक, चौदाव्या ओळीतलं नववं. मोबाईलमधल्या नकाशावर ते शोधायला गेलो तर आम्ही शेजारच्या झाडापाशी जाऊन उभे राहिलो. मोबाईलचा जीपीएस तीन-चार मीटर सहज चुकतो, आणि इथे सहा मीटरवर दुसरं झाड. अखेर धुऱ्यापासून ओळी मोजत गेलो. आता काकांनी प्रत्येक ओळीच्या पहिल्या झाडाच्या बुंध्यावर गेरूने आकडा टाकला आहे. उपग्रहावर चालणाऱ्या व्यवस्थेला शेवटी गेरू लागला.

ते झाड खालून बघितलं तर दृष्ट लागावी असं. फळांनी लदलेलं. काका म्हणाले, “मले वाटे, हे झाड माह्यं सगळ्यात चांगलं.” पण फळं आकाराने बारीक होती, आणि शेंड्याकडची पानं, जी खालून दिसतच नाहीत, ती विरळ आणि फिकी झाली होती. काकांनी खुरपीने बुंध्याजवळची माती उकरली. कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर वर हवा. इथे मातीची भर पडून तो गाडला गेला होता. मातीच्या रेषेला तपकिरी डिंकाचे थेंब. नखाने खरवडल्यावर सालीखाली हिरव्याऐवजी तांबूस रंग. मग त्यांनी एक बारीक मूळ बोटांत धरून ओढलं. मुळाची वरची साल बोटात राहिली आणि आतला दोऱ्यासारखा भाग सुटून बाहेर आला. फायटोफ्थोरा या बुरशीची मूळकूज ओळखायची ही बगीच्यातली सोपी खूण आहे. खोडावर तिचा डिंक्या होतो, मुळांना ती कुजवते, आणि अशी झाडं जाता जाता एखादा बहार भरभरून देतात.

काकांनी माती मागे ओढली, रोगट साल खरवडली, आणि दुसऱ्या दिवशी मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावली. आळं असं बदललं की पाणी बुंध्याला शिवणार नाही, बाहेरच्या कड्यातच राहील. झाड वाचेल की नाही हे पुढच्या पावसाळ्यात कळेल. पण नकाशाने यात काय केलं, ते नीट मांडायला हवं. त्याने डिंक्या सांगितला नाही. जस्त कमी पडलं, पाणी तुंबलं, मूळ कुजलं, काहीही झालं तरी तो तांबडाच रंग दाखवतो. त्याने फक्त साडेपाचशेतून कुठे वाकून बघायचं ते सांगितलं.

आणि उलटंही झालं. अख्ख्या बगीच्यात सर्वांत हिरवागार म्हणून नोंदलेलं झाड बघायला गेलो तर काका मोठ्याने हसले. कलम केव्हाच मेलं होतं. खालच्या जंभेरीच्या खुंटाचे फुटवे माजून त्यांचं झाड झालं होतं. संत्रा त्यावर कधी लागणार नाही. नकाशाच्या दृष्टीने मात्र तो बगीच्यातला पहिला नंबर.

ताणावरचा बगीचा

पोराने एक गोष्ट सांगितली ती ऐकण्यासारखी होती. मागच्या हिवाळ्यात एका बागायतदाराने त्याला बोलावलं, उड्डाण झालं, आणि नकाशा जवळजवळ सगळा तांबडा आला. पोरगा घाबरला. मालक शांत होता, कारण बगीचा ताणावर होता. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतात. झाड उपाशी पडतं, पानं मलूल होतात, काही गळतात. मग खत-पाणी देऊन ताण तोडला की जानेवारीअखेर-फेब्रुवारीत फुलोरा येतो. तो मुद्दाम आणलेला आजार असतो. मृग बहार घेणाऱ्याचं वेळापत्रक वेगळं, ताण उन्हाळ्यात. शेजारशेजारच्या दोन बगीच्यांचे एकाच दिवशीचे नकाशे म्हणूनच एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नसतो.

बाहेरून आलेल्या कंपन्यांचे तयार अहवाल इथेच फसतात. त्यांच्या प्रणालीला तारीख कळते, बहार कळत नाही. ताण किती बसला हे खरं तर ड्रोनने मोजता यावं: तहानलेलं झाड पानांची रंध्रं मिटून घेतं आणि त्याचं पान तापतं, ते उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दिसतं. वरूड-मोर्शी भागात जमिनीतलं पाणी उपसून उपसून बोअर खोल खोल गेल्या आहेत. तिथे ‘आज पाणी कोणत्या ओळींना’ एवढं जरी यंत्राने सांगितलं तरी त्याचं मोल फळमोजणीपेक्षा जास्त आहे, असं माझं मत झालं आहे. तो कॅमेरा महाग आहे, आणि या पोराकडे नव्हता.

फळं मोजता येतात का?

व्यापाऱ्याला आणि मालकाला दोघांनाही हवं असलेलं उत्तर थोडक्यात सांगतो: अजून भरवशाने नाही. ड्रोनला झाडाचा वरचा पदर दिसतो. आतल्या आणि खालच्या फांद्यांवरचा माल दिसत नाही. त्यात हिरव्या पानांत हिरवं फळ. झाडं मात्र, माणसाने तपासून घेतली तर, नेमकी मोजता येतात, आणि सौद्यात तेही थोडं नाही.

अमेरिकेत फ्लोरिडाला या झाडमोजणीची गरज वेगळ्या कारणाने पडली. २००५ साली तिथे ग्रीनिंग हा रोग सापडला. सायला नावाच्या बारीक किडीबरोबर तो पसरतो आणि त्याच्यावर हमखास औषध नाही. २००३-०४ मध्ये सुमारे २४ कोटी पेट्या संत्री काढणारं ते राज्य २०२३-२४ मध्ये दोन कोटींच्याही खाली आलं. बागेत कुठे झाड आहे, कुठे नुसती जागा आहे आणि नवं रोप कुठे लावलंय, हाच तिथे रोजचा हिशेब झाला. फ्लोरिडा विद्यापीठाच्या इम्मोकाली इथल्या केंद्रात यियानिस अँपाटझिडिस यांच्या गटाने ‘ॲग्रोव्ह्यू’ ही प्रणाली त्यासाठीच उभी केली. सायला विदर्भातही आहे, ग्रीनिंगही आहे. फ्लोरिडाच्या आकड्यांकडे म्हणूनच नागपूर-अमरावतीने परक्याचं दुःख म्हणून बघू नये.

नकाशा कोणाचा?

ड्रोन म्हटलं की गावात आता ‘ड्रोन दीदी’ आठवते. २०२३च्या अखेरीस केंद्राने १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना जाहीर केली. ते ड्रोन मुख्यतः फवारणीचे, टाकी वाहणारे. फोटो काढणारा ड्रोन त्यांच्यापेक्षा कितीतरी हलका असतो. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगीविना उडता येतं. पण ड्रोनची नोंदणी हवी, आणि पैसे घेऊन उडवायचा तर वैमानिकाचं प्रमाणपत्र हवं. बगीच्यात बोलावताना ते बघून घ्यायला लाजू नये.

पीकविम्यात या झाडवार नोंदीचा आज फारसा उपयोग नाही. संत्र्याचा विमा हवामानावर आधारलेला आहे. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर काय नोंदलं गेलं त्यावर मुख्य भरपाई ठरते, तुमचं झाड उभं आहे की आडवं यावर नाही. गारपिटीनंतर पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक येतात तेव्हा मात्र आधीचा नकाशा हाताशी असेल तर बोलणं सोपं जातं. पोराच्या म्हणण्याप्रमाणे एकट्या पाच एकरांसाठी त्याला येणं परवडत नाही. शिवारातल्या दहा-बारा जणांनी मिळून एकाच दिवशी बोलावलं, किंवा गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीने हे काम अंगावर घेतलं, तर दोघांचंही भागतं.

माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. बहुतेक ठिकाणी बागायतदाराच्या हाती एक रंगीत पीडीएफ पडते. आकडे, मूळ फोटो आणि झाडांची यादी ड्रोनवाल्याकडे किंवा कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर राहते. एका दिवसाच्या नकाशात काकांना नवीन थोडंच कळलं; त्याचा खरा उपयोग पुढच्या ऑक्टोबरमध्ये, जेव्हा त्याच झाडाचा त्याच बहारातला आकडा शेजारी ठेवता येईल तेव्हा. तोवर ड्रोनवाला बदललेला असू शकतो, कंपनी बंद पडलेली असू शकते. शिवाय कोणाच्या बगीच्यात किती झाडं खंगलीत ही माहिती सौद्याच्या आधी व्यापाऱ्याच्या हाती लागली, तर नुकसान कोणाचं हे सांगायला नको.

म्हणून ज्यांचा बगीचा आहे त्यांना एकच सांगणं. उड्डाणाचे पैसे चुकते करण्याआधी मूळ फोटो, त्या करड्या पाटीच्या फोटोसकट, आणि ओळ-क्रमांकाची झाडवार यादी पेनड्राइव्हवर घ्या. यादीच्या माथ्यावर तारीख, बहार आणि बगीचा ताणावर होता की पाण्यावर, हे स्वतःच्या हाताने लिहा. एवढं द्यायला जो तयार नसेल त्याला बगीच्यावरून उडू देऊ नका.